सागरी सूक्ष्मजीवांची फ्लो सायटोमेट्री शिकायची आहे? पोगो-स्कोर फेलोशिपचा अर्ज असा करा

समुद्राच्या पाण्यातले जिवाणू, विषाणू आणि पिकोप्लवक (अतिसूक्ष्म प्लवक) फ्लो सायटोमीटरवर, म्हणजे एकेक पेशी लेसरसमोरून नेऊन मोजणाऱ्या यंत्रावर, नीट मोजायला शिकायचं असेल, तर पोगो आणि स्कोर या आंतरराष्ट्रीय सागरविज्ञान संस्थांची व्हिजिटिंग फेलोशिप उपयोगी पडते. विकसनशील देशांतल्या संस्थांमधले शास्त्रज्ञ, तंत्रज्ञ आणि पीएचडीचे विद्यार्थी अर्ज करू शकतात. प्रशिक्षण १ ते ३ महिन्यांचं असतं आणि ते दुसऱ्या देशातल्या यजमान संस्थेत घ्यायचं असतं. प्रवास आणि राहण्याचा खर्च मिळतो. विषयांचा प्राधान्यक्रम आणि अंतिम तारीख मात्र त्या वर्षीच्या जाहिरातीतच पाहा.

कागदपत्रं मोजकीच: बायोडेटा, कामाचा आराखडा, आपल्या संस्थेतल्या मार्गदर्शकाचं पत्र आणि यजमानाचं संमतिपत्र. अडतं ते या शेवटच्या पत्रापाशी. फॉर्म उघडण्याआधीच यजमानाला लिहा. त्यांच्याकडे कोणतं यंत्र आहे, कोणते लेसर आहेत आणि त्या काळात ते तुम्हाला वापरायला मिळेल का, हे विचारून घ्या.

अर्ज तरतो किंवा बुडतो तो आराखड्यावर. ‘फ्लो सायटोमेट्री शिकायची आहे’ एवढ्याने कुणाचंच समाधान होत नाही. नमुना कसा टिकवणार ते लिहा: उदाहरणार्थ, ग्लुटाराल्डिहाइड (पेशी टिकवणारं रसायन) अंतिम ०.२५ टक्के, अंधारात १०-१५ मिनिटं, मग द्रव नायट्रोजनमध्ये झटपट गोठवून उणे ८० अंशांवर. उणे २० च्या फ्रीझरमध्ये सावकाश गोठवलं तर पेशी फुटतात आणि आकडे खाली येतात. जिवाणूंसाठी सायबर ग्रीन १ (डीएनएला चिकटून हिरवा चमकणारा रंग), मूळ द्रावणाच्या १:१०,००० प्रमाणात, अंधारात १५ मिनिटं. ट्रिगर, म्हणजे यंत्राने ज्यावरून पेशी ओळखायची तो संकेत, या हिरव्या प्रकाशावर लावा, विखुरणाऱ्या प्रकाशावर नको. इतक्या लहान पेशींचा संकेत तिथे गोंगाटात बुडतो. प्लवकांसाठी क्लोरोफिलचा लाल प्रकाश. वेग सेकंदाला साधारण १,००० घटनांच्या (यंत्राने टिपलेल्या संकेतांच्या) आत ठेवा, नाहीतर दोन पेशी एकच म्हणून मोजल्या जातात. गाळून रंगवलेलं कोरं पाणी (०.२ मायक्रॉन) आणि यंत्र तपासायचे १ मायक्रॉनचे मणी रोज चालवणार, नळी चालवण्याआधी आणि नंतर तोलून खरा प्रवाहदर काढणार, हेही लिहा. प्रवाहदर चुकला की मिलिलिटरमागची संख्या चुकलीच, मग गेट (आलेखावर पेशींचा गट वेगळा करणारी चौकट) कितीही सुबक काढा.

परतल्यावर हे काम कुठल्या यंत्रावर चालवणार, कुणाला शिकवणार, हेही स्पष्ट लिहा. मार्गदर्शकाच्या पत्रात तेच यायला हवं. दोन्हींत मेळ नसला तर शंका येते.

स्वतःचे नमुने सोबत न्यायचा मोह टाळलेला बरा. जैवविविधता कायदा, २००२ खाली राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी लागू शकते, शिवाय विमानात गोठलेले नमुने सांभाळणं वेगळंच. आपल्या यंत्रावरच्या कच्च्या एफसीएस फाइल्स (फ्लो सायटोमीटरच्या मोजणीच्या फाइल्स) घेऊन जा. सरकारी नोकरीत असाल तर ना-हरकत प्रमाणपत्राचा अर्ज निवडीची वाट न पाहता टाका, आणि व्हिसा कोणत्या प्रकारचा लागेल ते यजमान संस्थेच्या कार्यालयाकडूनच लेखी मागवा.