चालणे व टिकणे (रॉक बँडविषयीचा वाद)

रॉक बँडचे व्यावसायिक यश आणि लोकांत त्याची टिकून राहिलेली ओळख या दोन गोष्टी एकच मानाव्यात की वेगळ्या, याविषयी रसिकांमध्ये चालणारा वाद. नागपुरात तो बहुधा ‘चालणे’ आणि ‘टिकणे’ या दोन क्रियापदांवरच लढवला जातो. बँड चालला म्हणजे त्याच्या तबकड्या खपल्या, क्रमवारीत तो वर गेला, दौऱ्यांची तिकिटे संपली. टिकला म्हणजे बँड फुटून वीस-तीस वर्षे झाली तरी त्याचे नाव, गाणे, निदान एखादी चाल तरी लोकांना ओळखू येते. येथे मोजमापाचा भाग विस्ताराने दिला आहे.

उगम : या वादाच्या सुरुवातीविषयी दोन मते संभवतात. पहिले मत ती १९५८ सालात शोधते. त्या वर्षी अमेरिकेच्या ध्वनिमुद्रण उद्योग संघटनेने (आरआयएए) सोनेरी तबकडीचे प्रमाणपत्र द्यायला सुरुवात केली आणि ‘बिलबोर्ड’ साप्ताहिकाने ऑगस्टपासून ‘हॉट १००’ ही गाण्यांची क्रमवारी छापायला घेतली. आकडा हाती आल्याशिवाय आकड्यावर भांडता येत नाही, हा या मताचा आधार. दुसरे मत सुरुवात १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात मानते. ‘क्रॉडॅडी’ (१९६६) आणि ‘रोलिंग स्टोन’ (१९६७) या नियतकालिकांनी रॉकची गंभीर समीक्षा आरंभली आणि जे खपते ते सगळेच चांगले नसते, या म्हणण्याला छापील बळ आले. हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. १९५८ मध्ये नाव व्हायचे ते बहुधा गायकाचे, साथीदार त्याच्या मागे उभे असायचे. बँड हे स्वतंत्र नाव म्हणून रुजले ते त्यानंतर.

मोजमाप : ‘सोनेरी’ हा शब्द वादात फार सैल वापरला जातो. आरंभी सोनेरी अल्बम ठरत असे तो १० लाख डॉलरच्या विक्रीवर, प्रतींच्या संख्येवर नव्हे. पुढे ५ लाख प्रतींची अट आली. १९७६ मध्ये १० लाख प्रतींसाठी ‘प्लॅटिनम’ प्रमाणपत्र निघाले आणि त्याचा पहिला मान ईगल्स या बँडच्या निवडक गीतसंग्रहाला मिळाला. १९९९ मध्ये १ कोटी प्रतींसाठी ‘डायमंड’ची भर पडली. म्हणजे १९६५ चा सोनेरी अल्बम आणि १९८५ चा सोनेरी अल्बम यांची तुलना करणे हे तोळा आणि ग्रॅम एकाच पारड्यात टाकण्यासारखे आहे. टपरीवर ही तुलना दररोज होते.

शिवाय ही मोजणी मुळात दुकानांत पाठवलेल्या मालाची होती, गिऱ्हाइकाने विकत घेतलेल्या प्रतींची नव्हे. १९७८ मध्ये किस या बँडच्या चारही सदस्यांचे स्वतंत्र अल्बम एकाच दिवशी बाजारात आले. चारही अल्बमांचा माल प्रचंड प्रमाणात दुकानांत गेला, चारही प्लॅटिनम ठरले, आणि नंतर त्यातला बराच माल परत आला. प्रमाणपत्र भिंतीवर तसेच राहिले.

दोन तबकड्यांच्या अल्बमाचा हिशेब आणखी वेगळा. त्यात प्रत्येक तबकडी स्वतंत्र धरली जाते, म्हणजे एक संच विकला की दोन प्रती मोजल्या जातात. पिंक फ्लॉइडचा ‘द वॉल’ (१९७९) २३ पट प्लॅटिनम आणि त्याच बँडचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ (१९७३) १५ पट प्लॅटिनम, हे वाचून पहिला अल्बम जास्त खपला असे कोणीही म्हणेल. प्रत्यक्षात २३ पट म्हणजे १ कोटी १५ लाख संच, तर १५ पट म्हणजे दीड कोटी प्रती. हा मुद्दा ज्याला माहीत असतो तो शेवटपर्यंत गप्प बसतो आणि समोरचा आकडा सांगून मोकळा झाला की मगच तोंड उघडतो, असे प्रस्तुत नोंदकाराने अनेकदा पाहिले आहे.

क्रमवारीची गोष्टही अशीच. १९९१ पूर्वी ‘बिलबोर्ड’ची अल्बम-क्रमवारी दुकानदारांनी कळवलेल्या माहितीवर बेतलेली असे. काय जास्त खपले हे दुकानाचा व्यवस्थापक सांगणार, आणि त्यात त्याची आवड, विसराळूपणा आणि कंपनीच्या माणसाशी असलेली ओळख हे सगळे मिसळणार. २५ मे १९९१ च्या अंकापासून साउंडस्कॅन पद्धत आली आणि गल्ल्यावर वाचलेल्या बारकोडवरून खप मोजला जाऊ लागला. लगेच पुढच्या महिन्यात स्किड रो या हेवी मेटल (रॉकचा जोरकस प्रकार) बँडचा अल्बम थेट पहिल्या क्रमांकावर उतरला. ऑगस्टमध्ये मेटॅलिकाने तेच केले. जानेवारी १९९२ मध्ये निर्वाणा या बँडने मायकेल जॅक्सनला पहिल्या जागेवरून हटवले. मेटलचे श्रोते एका रात्रीत वाढले नव्हते. ते आधीपासून होते, फक्त मोजले जात नव्हते. १९९१ च्या आधीच्या क्रमवारीवरून एखादा बँड चालला नाही असे ठामपणे म्हणताना म्हणूनच जपून राहावे.

पहिला क्रमांक हेही फार भरवशाचे माप नाही. क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल या बँडची पाच गाणी अमेरिकेच्या क्रमवारीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोचली, पहिल्यावर एकही नाही. ‘द डार्क साइड ऑफ द मून’ तिथे पहिल्या क्रमांकावर एकच आठवडा होता, पण १९७३ ते १९८८ या काळात क्रमवारीत तो एकूण ७४१ आठवडे, म्हणजे सुमारे सव्वाचौदा वर्षे राहिला. चालणे आणि टिकणे हे दोन्ही एकाच तक्त्यात वाचायला मिळण्याचे हे दुर्मीळ उदाहरण.

नागपुरातील रूप : रॉक ऐकणे नागपुरात कोणत्या वाटेने आले याविषयीही मतभेद संभवतात. सदर, मोहननगर भागातील ख्रिस्ती वस्ती आणि रेल्वे वसाहतींतील अँग्लो-इंडियन घरे, तिथली गिटार आणि तिथला नाताळचा नाच, ही एक वाट. दुसरी वाट वसतिगृहांची. १९६० मध्ये स्थापन झालेल्या विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयात (२००२ पासून व्हीएनआयटी) धोरण म्हणूनच निम्मे विद्यार्थी परराज्यांतून येत. कोलकाता, बंगळूर, ईशान्येकडील राज्ये येथून आलेल्या मुलांच्या ट्रंकेत कपड्यांबरोबर कॅसेटही असत. गाण्याला पहिली वाट जुनी असावी. वादाला मात्र दुसरी वाट जास्त जवळची वाटते, कारण भांडायला वेगवेगळ्या गावांची माणसे एका मेसमध्ये जेवायला बसावी लागतात. वादाला नागपुरी रूप बहुधा १९७० च्या दशकाच्या मध्यानंतर आले असावे. १९९१ मध्ये उपग्रह वाहिनीवरून एमटीव्ही घरात आल्यावर बँडच्या नावाला चेहराही मिळाला.

त्याआधीची गाणी पोचत ती मुख्यतः भरून घेतलेल्या कॅसेटवरून. सीताबर्डी बाजारातल्या दुकानात कोरी कॅसेट आणि गाण्यांची चिठ्ठी द्यायची, आणि दोन-तीन दिवसांनी भरलेली कॅसेट न्यायची. ९० मिनिटांच्या कॅसेटच्या एका बाजूला ४५ मिनिटे मावतात. डायर स्ट्रेट्सचा ‘ब्रदर्स इन आर्म्स’ (१९८५) कॅसेट आणि सीडीवर सुमारे ५५ मिनिटांचा आहे आणि त्याचे शीर्षकगीत सगळ्यांत शेवटी येते. दुकानदाराने तो एका बाजूला बसवला की शेवटची दोन गाणी बाहेर राहत. प्रस्तुत नोंदकाराकडे अशी एक कॅसेट आहे. तिच्या चिठ्ठीवर निळ्या बॉलपेनने बँडचे नाव ‘डायर स्ट्रीट्स’ असे लिहिलेले, आणि मागच्या बाजूला लतादीदींची भावगीते. या कॅसेटवर वाढलेला माणूस त्या अल्बमासाठी वर्षानुवर्षे भांडला आणि त्याचे शीर्षकगीत त्याने नोकरी लागल्यावर ऐकले.

याचा वादाशी संबंध असा की नागपूरचे हे ऐकणे कोणत्याही आकड्यात कधी धरले गेले नाही. ज्या खपाच्या जोरावर इथे बँड मोठे ठरवले जात, त्या खपात इथल्या श्रोत्याची एकही प्रत नव्हती. मुंबईत १९८६ पासून रंगभवनमध्ये ‘इंडिपेन्डन्स रॉक’ हा रॉक महोत्सव होत असे. ज्याला प्रत्यक्ष बँड ऐकायचा तो विदर्भ एक्स्प्रेसने सुमारे ८४० किलोमीटर जाऊन येई, आणि परत आल्यावर महिनाभर त्याचे म्हणणे कोणी खोडून काढत नसे.

वादाची ठिकाणे म्हणजे महाविद्यालयांभोवतालच्या चहाटपऱ्या, पानठेले, लक्ष्मीनगरचा आठ रस्ता चौक आणि फुटाळा तलावाचा काठ. वाद रात्री रंगतो आणि सकाळी तर्री पोह्यांवर उरलेला उरकला जातो. पहिला डाव बहुधा आकड्याचा असतो. ‘दहा कोटी तबकड्या खपल्या बे त्याईच्या!’ यावर दुसरा शांतपणे खर्रा (तंबाखू-सुपारीचे मिश्रण) घोटत विचारतो, ‘बरं, मग ड्रमवाल्याचं नाव सांग.’ पहिल्याला नाव आठवत नाही. हा प्रश्न अन्यायाचा आहे, कारण फार थोड्या बँडचे ड्रमर कोणाच्या लक्षात असतात. तरीही तो दरवेळी चालतो.

ओळखीचे थर : टिकणे या शब्दात खरे तर तीन गोष्टी मिसळल्या आहेत. गाणे ओळखणे, बँडचे नाव ओळखणे आणि माणूस ओळखणे. वाद न सुटण्याचे मुख्य कारण हेच आहे. दोन वेळा पाय आपटून एक टाळी, हा क्वीन या बँडच्या १९७७ च्या गाण्याचा ठेका क्रिकेटच्या मैदानावरचा प्रेक्षक सहज धरतो. त्यातल्या किती जणांना क्वीन हे नाव माहीत असते हा प्रश्नच आहे. आणि ज्यांना नाव माहीत असते त्यांना गायक फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या शाळेत शिकला होता हे सांगितले की त्याच्याविषयी एकदम आपुलकी वाटू लागते. डीप पर्पलच्या ‘स्मोक ऑन द वॉटर’ची सुरुवातीची चाल धरमपेठेतला गिटारच्या क्लासचा मुलगा बहुधा पहिल्याच महिन्यात वाजवतो. पुढचे गाणे त्याला येत नसते.

ओळख मरून पुन्हा उठते, असेही घडते. क्वीनचे ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ ब्रिटनमध्ये १९७५-७६ मध्ये पहिल्या क्रमांकावर नऊ आठवडे होते, पण अमेरिकेत ते नवव्या क्रमांकापुढे गेले नाही. १९९२ मध्ये एका विनोदी चित्रपटात ते वापरले गेले आणि तिथेच दुसऱ्या क्रमांकावर पोचले. तोवर मर्क्युरीला जाऊन काही महिने झाले होते. टिकणे हा बँडचा गुण मानणाऱ्यांना हे उदाहरण अडचणीचे जाते.

ईगल्सचे उदाहरण याहून बोलके आहे. नागपुरात ईगल्स म्हणजे ‘हॉटेल कॅलिफोर्निया’. हॉटेलातल्या गिटारवाल्याला पहिली फर्माईश याच गाण्याची होते. पण ज्या अल्बमावर ईगल्सच्या खपाचा सगळा दावा उभा आहे, तो निवडक संग्रह फेब्रुवारी १९७६ चा. ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आले. म्हणजे अमेरिकेत सर्वाधिक प्रमाणित ठरलेल्या त्या अल्बमात नागपूरला ठाऊक असलेले गाणे नाहीच. चालला तो एक अल्बम आणि टिकले ते दुसऱ्यातले गाणे, अशी ही वाटणी आहे. बँड एकच असल्यामुळे दोन्ही बाजू ती आपल्या खात्यावर मांडतात.

सन्मान : १९८६ पासून पहिल्या ध्वनिमुद्रणाला २५ वर्षे झालेल्या कलावंतांना ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’मध्ये घेतले जाते. क्लीव्हलँड येथे १९९५ मध्ये तिचे संग्रहालय उघडले. टिकल्याचा दाखला म्हणून हा सन्मान वादात पुढे केला जातो, पण त्यालाही उशिरांची परंपरा आहे. रश हा बँड १९९८ पासून पात्र असताना २०१३ मध्ये घेतला गेला, डीप पर्पल तर २०१६ मध्ये. डायर स्ट्रेट्सला २०१८ मध्ये घेतले तेव्हा मुख्य गायक-गिटारवादक मार्क नॉफ्लर आलाच नाही आणि बँडची ओळख करून द्यायलाही कोणी नव्हते. अखेर त्यांच्याच बासवादकाने, जॉन इल्स्लीने, आपल्या बँडचा परिचय करून दिला.

अलीकडील स्थिती : २०१६ पासून आरआयएए अल्बमच्या प्रमाणपत्रासाठी १,५०० ऑनलाइन श्रवणे म्हणजे एक प्रत धरते. ईगल्सचा तो निवडक संग्रह २००६ मध्ये २९ पट प्लॅटिनम होता आणि ऑगस्ट २०१८ मध्ये एकदम ३८ पट झाला. ऐकणे आणि विकत घेणे यांतली रेघ अशी पुसट झाल्याने टपरीवरचे जुने हिशेब आता नीट लागत नाहीत. मात्र ही मोजणी फक्त अमेरिकेतल्या श्रवणांची असते. बजाजनगरच्या खोलीत हेडफोन लावून तेच गाणे रात्रभर ऐकणारा मुलगा आजही तिच्या बाहेरच आहे. ‘बिलबोर्ड’ने सप्टेंबर २०२० मध्ये अनेक देशांची श्रवणे एकत्र करणारी जागतिक क्रमवारी सुरू केली, तिच्यात त्याची भर पडू शकते.