सकाळी टाकीत पाणी किती उरलं?

झोपेत श्वास अडकू नये म्हणून मास्कमधून हवेचा दाब देणारं सीपॅप यंत्र बाबांसाठी घरात आलं, त्याला आता तिसरं वर्ष लागलं. पहिल्याच आठवड्यात घोरणं थांबलं, दुपारी पेपर वाचता वाचता मान टाकणं थांबलं. दुसऱ्या आठवड्यात मात्र एकदा पहाटे चार वाजता ते मास्क काढून पलंगाच्या कडेला बसलेले दिसले. जीभ टाळूला चिकटलेली, शब्द फुटत नव्हता. तांब्यातलं पाणी घटाघटा प्यायले आणि म्हणाले, "हे उद्या परत देऊन टाक."

कोरड पडते म्हणून यंत्र कपाटात गेल्याचं मी त्यानंतर इतर घरांतही पाहिलं. याची मला फार हळहळ वाटते. झोपेत श्वास अडकतो तेव्हा रक्तातला ऑक्सिजन खाली येतो, रक्तदाब चढतो, हृदयावर ताण पडतो. सिडनीचे डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात पाच रुग्णांवरचा अनुभव मांडला. नाकावाटे हवेचा सौम्य दाब दिला की घसा उघडा राहतो आणि रुग्ण रात्रभर शांत झोपतो, हे त्यातून जगाला कळलं. इतका चांगला उपाय घशाच्या कोरडीपायी सोडून द्यावा लागू नये. त्यासाठी ही कोरड येते कुठून ते बघायला हवं.

फुप्फुसांना हवा लागते ती ३७ अंशांची आणि बाष्पाने पूर्ण भरलेली. अशा एक लिटर हवेत ४४ मिलिग्रॅम पाणी असतं. आपल्या एसीच्या खोलीत, २४ अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रता धरली तर लिटरमागे जेमतेम ११ मिलिग्रॅम. उरलेलं पाणी शरीर स्वतःच्या गाठीचं घालतं आणि त्यातलं मोठं काम नाक करतं. नाकाची कारागिरी अशी की श्वास सोडताना त्या ओलाव्याचा काही भाग ते परत पकडून ठेवतं. आत येणाऱ्या हवेने थंड झालेल्या त्वचेवर बाहेर जाणारं बाष्प दवासारखं जमतं आणि पुढच्या श्वासाला कामी येतं. ही देवाणघेवाण चालू आहे तोवर नाक सुकत नाही.

सीपॅप लावून झोपलेल्या माणसाचं तोंड उघडलं की नेमकी हीच देवाणघेवाण मोडते. दाबाखालची हवा नाकातून शिरते आणि सरळ तोंडावाटे निघून जाते. वाहतूक एकाच दिशेची! नाक देत राहतं, त्याला परत काहीच मिळत नाही. मग नाकातली त्वचा सुकते, तिथला रक्तपुरवठा वाढून ती सुजते, नाक चोंदतं. नाक चोंदलं की तोंड आणखी उघडतं. बाबांचं असंच चाललं होतं. एका रात्री बॅटरी घेऊन त्यांच्या उशाशी बसल्यावर ते कळलं. मास्क नाकावर घट्ट, ओठ मात्र विलग, आणि तोंडापुढे हात धरला तर फुंकर लागत होती.

तोवर आम्ही एकच उपाय करत होतो, ह्युमिडिफायरचा आकडा वाढवायचा. ह्युमिडिफायर म्हणजे यंत्राला जोडलेली पाण्याची छोटी टाकी, खाली तापणारी पट्टी आणि पाण्यावरून जाणारी हवा. आता थोडा हिशेब मांडू. मास्कला बारीक भोकं असतात, सोडलेला कार्बन डायऑक्साइड वाहून जावा म्हणून. त्यामुळे मध्यम दाबावर यंत्राला मिनिटाला साधारण ३५ लिटर हवा सोडत राहावी लागते. आठ तासांत ती होते १६,८०० लिटर. प्रत्येक लिटरमध्ये १० मिलिग्रॅम जादा पाणी घालायचं तर रात्रीत १६८ मिलिलिटर लागतं, १५ घालायचं तर अडीचशे. म्हणजे सकाळची टाकी खरं बोलते. पाणी जवळजवळ तेवढंच असेल तर पट्टी तापत नाहीये किंवा आकडा फार कमी आहे. टाकी मध्यरात्रीनंतरच कोरडी पडत असेल तर आधी गळती शोधायची, मास्कच्या कडेची किंवा तोंडाची. आमची टाकी पहाटे तीनलाच रिकामी होत होती.

नाकाच्या डॉक्टरांनी ॲलर्जीवर फवारा दिला, झोपण्याआधी सलाईनने नाक धुवायला सांगितलं आणि तोंडही झाकणारा मास्क सुचवला. चार-पाच दिवसांत तांब्याला रात्री हात लागेनासा झाला. (ॲलर्जीच्या, नैराश्याच्या काही गोळ्यांनीही तोंड सुकतं, तेही डॉक्टरांना विचारून घ्यावं.)

डिसेंबरात वेगळाच त्रास सुरू झाला. पुण्याची थंडी, खिडकी किलकिली, आणि रात्री दोनला नळीत हुक्क्यासारखी गुडगुड. पाठोपाठ बाबांच्या नाकावर गार पाण्याचा शिडकावा. आकडा आम्ही चढाच ठेवला होता. टाकीतून २७ अंशांची, बाष्पाने भरलेली हवा निघते तेव्हा लिटरमध्ये २६ मिलिग्रॅमच्या आसपास पाणी असतं. नळी खोलीइतकी, म्हणजे १६ अंशांवर आली तर त्या हवेला साडेतेराच पेलतं. उरलेलं नळीतच पाणी होऊन साचतं, गार पेल्याला बाहेरून घाम फुटतो तसं. इथे आकडा कमी करणं हा अर्धवट उपाय, कारण पुन्हा कोरड येते. नळी गरम ठेवणं हा खरा. तापणारी नळी मिळते. आम्ही आईच्या जुन्या लोकरी शालीचं आवरण शिवून चढवलं, नळी पांघरुणाखालून घेतली, पंखा बंद केला आणि यंत्र उशीपेक्षा खाली, स्टुलावर ठेवलं, म्हणजे साचलेलं थोडं पाणी मागे टाकीत उतरतं.

उलट मार्च-एप्रिलच्या कोरड्या रात्री आकडा एकेक पायरी वर न्यावा लागतो. एका रात्रीत एकच पायरी, मग सकाळी टाकी बघायची. कोकणात, पावसाळ्यात, एसी नसेल तर कित्येकांना तो खूप खाली ठेवूनही चालतं.

पाण्याबद्दल मात्र मी आग्रही आहे. औषधाच्या दुकानातलं डिस्टिल्ड वॉटर घ्या. आरओच्या पाण्यातही थोडे क्षार उरतातच आणि पट्टीवर त्यांचा पांढरा थर बसतो. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं पाणी श्वासासाठी केलेलं नसतं, ते वापरू नका. एखाद्या रात्री काहीच मिळालं नाही तर उकळून गार केलेलं चालेल. उरलेलं पाणी रोज सकाळी ओतून द्यायचं, टाकी सौम्य साबणाने धुऊन सावलीत उपडी घालायची.

ओतण्याआधी बाबा ती ट्यूबलाइटसमोर धरतात. "आज दोन बोटं आहे गं," असं स्वयंपाकघराकडे बघून आईला सांगतात, आणि मग चहा टाकला जातो.