अर्जातला ‘नॉमिनी’ आणि त्यामागचा कायदा

बँकेचा किंवा विम्याचा इंग्रजी अर्ज भरताना ‘डिपोनंट’, ‘इंडेम्निटी’ असे शब्द आले की माणूस सावध होतो, कोणाला तरी विचारतो. ‘नॉमिनी’ मात्र ओळखीचा वाटतो. नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक भागातला कामगार असो की सिडकोत इंग्रजीच्या वर्गाला जाणारी गृहिणी, त्यापुढे थोरल्या मुलाचं नाव लिहून सही होते आणि सगळं त्याच्या नावावर झालं असं घर धरून चालतं.

पेशवाई गेली तरी मोडी दफ्तरातले वारस, दस्तऐवज, मुखत्यार हे शब्द टिकले. सीबीएस बसस्थानकाजवळच्या कोर्टाच्या आवारात ते आजही रोज कानावर पडतात. १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने राज्याचा कारभार मराठीत आणला. बँका, विमा, शेअर हे केंद्र सरकारच्या कायद्यांखाली असल्याने तिथली इंग्रजी कायम राहिली.

खरा गुंता १९३८ च्या विमा कायद्यातल्या कलम ३९ पासूनचा. नॉमिनीला पैसे द्यायचे, हे त्यात स्पष्ट होतं. ते पैसे त्याचेच होतात का, यावर उच्च न्यायालयांचं एकमत नव्हतं. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: नॉमिनीने रक्कम फक्त स्वीकारायची, हक्क वारसांचा. तरी २०१० मध्ये शेअरच्या एका खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने नॉमिनीलाच मालक ठरवलं. २०१६ मध्ये त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने ते मत खोडलं आणि डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खंडपीठाला दुजोरा दिला. मधेच, २०१५ च्या दुरुस्तीने विम्यापुरतं उलट झालं: आईवडील, जोडीदार किंवा मुलं नॉमिनी असतील तर लाभाचा हक्क त्यांचाच, असं कायद्यात आलं. हा हक्क वारसा कायद्यापेक्षा वरचढ आहे की नाही, यावर पुन्हा कोर्टात वाद झाले. हाऊसिंग सोसायटीत २०१९ च्या दुरुस्तीनंतर नॉमिनी हा वारस ठरेपर्यंतचा तात्पुरता सभासद.

एवढं सगळं ज्या रकान्यामागे आहे, तो काउंटरवर ‘कोणाचंही नाव टाका’ म्हणून भरून घेतला जातो. हा सही करणाऱ्यावर सरळ अन्याय आहे. शब्दकोशात अर्थ बघून इथे भागत नाही. अर्ज कोणत्या कायद्याखालचा, हे आधी विचारावं लागतं.

१ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेत चारपर्यंत नॉमिनी देता येतात. त्याबरोबर दोन शब्द नव्याने आले: ‘सायमल्टेनियस’, म्हणजे टक्केवारीने एकाच वेळी सगळ्यांना, ‘सक्सेसिव्ह’, म्हणजे पहिला हयात नसेल तर दुसऱ्याला. ठेवींना दोन्ही पद्धती चालतात, लॉकरला फक्त दुसरी.