बालरोग उपचारांत कृत्रिम बुद्धिमत्तेचा जबाबदार वापर (मराठवाडा)

मुलांची तपासणी, औषधांची मात्रा, वाढीच्या नोंदी आणि पालकांना द्यायच्या सूचना यांसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या संगणकीय प्रणालीची मदत घ्यायची, पण निदान व औषध यांचा निर्णय डॉक्टरकडेच ठेवायचा, अशी ही कार्यपद्धती आहे. भारतात तिला २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन (दुरून दिला जाणारा वैद्यकीय सल्ला) मार्गदर्शक तत्त्वांचा आधार आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी यंत्रणा रुग्णाला थेट सल्ला देऊ शकत नाही आणि औषधही लिहून देऊ शकत नाही, ती फक्त नोंदणीकृत डॉक्टरला साहाय्य करू शकते, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२३ मध्ये याविषयी स्वतंत्र नैतिक मार्गदर्शक सूचना काढल्या.

मराठवाड्यात बालरोगतज्ज्ञ मुख्यतः शहरांत आणि तालुक्यांच्या मोठ्या गावांत आहेत. छत्रपती संभाजीनगरचे ‘घाटी’ नावाने ओळखले जाणारे शासकीय रुग्णालय आणि नांदेड, लातूर आणि अंबाजोगाईची शासकीय वैद्यकीय महाविद्यालये हे गंभीर आजारी मुलांचे मोठे आधार आहेत. तांड्या-वस्तीवर मात्र पहिली गाठ पडते ती आशाताई, अंगणवाडीताई किंवा उपकेंद्रातल्या सिस्टरशी, आणि आता मोबाईलशीही. केसपेपरचा मसुदा करणे, घरी पाठवताना द्यायच्या सूचना सोप्या मराठीत लिहिणे, वाढीचा आलेख काढणे ही कामे अशा प्रणाली चांगली करतात. गर्दीच्या ओपीडीत त्यामुळे डॉक्टरला लेकराकडे बघायला वेळ मिळत असेल, तर ती मदत जरूर घ्यावी.

अडचण सुरू होते ती मोठ्यांसाठी घडवलेले साधन मुलांना लावले की. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये छातीच्या एक्स-रेवरून क्षयरोगाची छाननी करणाऱ्या संगणकीय वाचनाला मान्यता दिली, ती १५ वर्षे व त्यापुढील वयासाठी. तेच साधन चार वर्षांच्या मुलाच्या फिल्मवर चालवले तरी पडद्यावर आकडा उमटतोच, पण त्या आकड्याच्या मागे आधार नसतो. म्हणून कोणतीही प्रणाली वापरण्याआधी ती कोणत्या वयाच्या मुलांवर पारखली आहे, हे विचारणे आवश्यक ठरते.

त्याहून मोठा प्रश्न प्रणालीत काय भरले जाते याचा आहे. खोकल्याने छाती भरलेल्या मुलात न्यूमोनिया ओळखण्यासाठी श्वास मोजतात. मूल शांत असताना, पूर्ण एक मिनिट. दोन महिन्यांखालील बाळात ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांत ४० किंवा अधिक श्वास म्हणजे धाप. आता मिनिटाला ४६ श्वास असलेले मूल घ्या. ते अकरा महिन्यांचे असेल तर या मोजमापात धाप बसत नाही, तेरा महिन्यांचे असेल तर बसते. जन्मतारीख विचारल्यावर आई “पोळ्याच्या आगंमागं झालं” असे सांगते आणि कुणीतरी अंदाजाने तारीख टाकते. तिथे दोन महिन्यांची चूक झाली की प्रणालीचा निष्कर्ष उलटतो. अशा वेळी जन्माची नोंद असलेले माता-बाल संरक्षण कार्ड काढायला लावणे, श्वास पुन्हा मोजणे आणि छाती आत ओढली जाते का हे अंगावरचा कपडा वर करून बघणे याला पर्याय नाही.

औषधाच्या मात्रेतही हेच. तापावरचे पॅरासिटामॉल एका वेळी दर किलो वजनाला १० ते १५ मिलिग्रॅम देतात. दहा किलोच्या मुलाला १५० मिलिग्रॅम द्यायचे ठरले, तर ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम असलेले सिरप ६ मिलिलिटर लागते, २५० मिलिग्रॅमचे ३ मिलिलिटर, आणि एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असलेले थेंबाचे औषध फक्त दीड मिलिलिटर. मोबाईलने “६ मिली द्या” म्हटले आणि घरात थेंबाची बाटली असली, तर लेकराच्या पोटात चौपट औषध जाते. वजन आज काट्यावर केलेले हवे, आणि बाटलीवरचा छापील मजकूर वाचूनच मात्रा सांगायला हवी.

स्थानिक आजारांचे ज्ञान हा वेगळा मुद्दा. लाल विंचू चावल्यावर मुलाला दरदरून घाम येतो, उलट्या होतात, हातपाय गार पडतात आणि हृदयावर परिणाम होऊन जीव जाऊ शकतो. यावर प्राझोसिन या औषधाचा उपचार रूढ करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर मूळचे जालना जिल्ह्यातले, त्यांचे काम कोकणात महाडला झाले. मुख्यतः परदेशी मजकुरावर शिकलेल्या प्रणालीच्या उत्तरात असे अनुभवसिद्ध ज्ञान मागे पडू शकते. इथल्या डॉक्टरांनी प्रणालीच्या अशा उत्तरावर विसंबू नये.

दसरा-दिवाळीनंतर बीड आणि शेजारच्या जिल्ह्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात, त्यांच्याबरोबर लेकरेही जातात. फडावरच्या पालात त्या महिन्यांचे वजन आणि दंडाचा घेर कुणी नोंदवला नाही, तर आलेखात तेवढा भाग कोरा राहतो. अशा वेळी मागच्या वजनावरून आजचे वजन ठीक मानणे चूक. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरखाली आला की मूल तीव्र कुपोषित असते, आणि ते टेपनेच कळते. टोळी गावी परतल्यावर या मुलांची तपासणी नव्याने झालीच पाहिजे.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालील प्रत्येकजण बालक आहे आणि त्याच्या माहितीच्या वापरासाठी सर्वसाधारणपणे पालकांची पडताळणीयोग्य संमती लागते. आरोग्यसेवेला काही सवलती आहेत, पण मुलाच्या अंगावरच्या पुरळाचा फोटो किंवा नाव-गावासह रिपोर्ट खुल्या चॅटबॉटवर टाकायला त्या निमित्त होऊ नयेत. मूल दूध पीत नसेल, झटके येत असतील, सगळेच ओकून टाकत असेल किंवा मलूल पडून हाकेला ओ देत नसेल, तर कोणतीही प्रणाली न विचारता १०८ ला फोन करून दवाखाना गाठावा.