रिदम मशीनवर केरवा आणि दादरा कसा भरायचा

मशीनमध्ये आयते भरून आलेले बहुतेक पॅटर्न भजनाखाली लावले की परके वाटतात, कारण त्यांत ‘खाली’, म्हणजे डग्गा गप्प राहतो तो तालाचा हलका भाग, नसतेच. म्हणून गणपतीआधी आपला ठेका स्वतः भरून ठेवा. पहिल्या वेळी अर्धा तास लागेल.

एका मात्रेला २ स्टेप (मशीनवरच्या पॅटर्नची घरं) धरा. केरव्याच्या ८ मात्रा १६ स्टेपमध्ये नेमक्या बसतात: धा गे ना ति । न क धि ना. डग्ग्याच्या (तबल्याच्या जोडीतल्या खर्जाच्या वाद्याच्या) घुमाऱ्यासाठी किक, म्हणजे मशीनचा बास ड्रम, १, ३ आणि १३ वर टाका. चाटीसाठी (तबल्याच्या काठावरच्या कडक ठोक्यासाठी) मशीनमधला रिमशॉट किंवा उंच काँगा १, ५, ९ आणि १५ वर. ति (७), क (११) आणि धि (१३) यांना मऊ काँगा द्या, जोर निम्म्यावर. ९ वर किक टाकण्याचा मोह फार होतो, कारण तिथे जागा मोकळी दिसते. टाकू नका! ५ ते १२ डग्गा गप्प राहिला तरच १३ वरचा धि उचलून धरतो आणि समेवर (पहिल्या मात्रेवर) यावंसं वाटतं. सगळे ठोके एकाच जोराने वाजले तर ठेका घड्याळासारखा वाटतो. १ वर अ‍ॅक्सेंट (जादा जोर) हवाच. स्विंग म्हणजे एकाआड एक स्टेप किती उशिरा वाजते ते; ५० म्हणजे सरळ चाल. ५४ ते ५८ दरम्यान कानाने ठरवा.

कोळीगीताला दादरा: धा धी ना । धा ती ना. किक १, ३, ७; चाट १, ५, ७, ११; मऊ काँगा ३ आणि ९. इथे लास्ट स्टेप (पॅटर्न जिथे संपतो ती) १२ करायला विसरू नका. ती १६ वरच राहिली तर प्रत्येक आवर्तनाला (तालाच्या फेरीला) ४ रिकाम्या स्टेप लागतात आणि गाणारा अडखळतो. रूपक तालाला (७ मात्रा) ती १४ करा.

टेम्पो: मशीन ४ स्टेपचा एक ठोका मोजतं, म्हणजे आपल्या दोन मात्रा. हाताने मिनिटाला २०० मात्रा मोजल्या असतील तर १०० लावा. केरव्याचं आवर्तन २.४ सेकंदांत येईल.

तिहाईसाठी (एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येण्यासाठी) केरव्याची प्रत करा. पहिल्या ४ स्टेप तशाच ठेवून पुढच्या पुसा आणि चाट ५-६-७, १०-११-१२, १५-१६ वर टाका. शेवटचा धा पुढच्या पॅटर्नच्या १ वर पडतो. बहुतेक मशीन चालू पॅटर्न संपल्यावरच बदलतात, म्हणून तिहाई सुरू झाली की लगेच मूळ केरव्याचं बटण दाबून ठेवायचं नाही, एकदाच दाबायचं.

भरून झालं की सेव्ह करा. आपल्याकडे भाद्रपदात वीज कधीही जाते, आणि बहुतेक मशीनमध्ये सेव्ह न केलेला पॅटर्न तिच्याबरोबर जातो. अ‍ॅडॉप्टर बदलताना व्होल्टेजइतकीच पिनची धन-ऋण खूण मशीनवरच्या खुणेशी जुळवा. काही मशीनना आतली पिन ऋण लागते, काहींना धन.

एका दाबात दोन ठोके पडू लागले तर खाऱ्या, दमट हवेने बटणाचा संपर्क खराब झालेला असू शकतो. मशीन बंद करून प्लग काढा, काँटॅक्ट क्लीनर थोडाच मारा, पूर्ण सुकू द्या. एरवी मशीन ठेवायच्या पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या पावसाळ्यात बदलत राहा.

डबलबारीत (दोन भजनी बुवांच्या सामन्यात) पखवाजाची जागा मशीनला देऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. बुवांच्या चालीवर पखवाज वळतो, मशीन वळत नाही. घरच्या सरावाला आणि पखवाजी नसलेल्या वाडीतल्या आरतीला मात्र ते जरूर लावा.