चौपाटीची वाळू जाते कुठे?

जुलैतल्या अमावास्येला दुपारी बाराच्या सुमारास दादर चौपाटीवर जाऊन पाहा. वाळू जवळजवळ दिसतच नाही. पाणी थेट संरक्षक भिंतीला टेकलेलं असतं. लाट भिंतीवर आदळते, उलटी फिरते आणि मागून येणाऱ्या लाटेला जाऊन भिडते. त्या क्षणी भिंतीपाशी पाणी एकदम दुप्पट उंच उठतं आणि कठड्यावरून आत कोसळतं. मुलं ओरडतात, मोबाइल वर होतात. मी दरवर्षी तिथे जाते ते ओहोटीपर्यंत थांबण्यासाठी. पाणी उतरलं की भिंतीच्या तळाशी काय झालंय ते दिसतं: वाळू खरवडून गेलेली, पायाचे दगड उघडे पडलेले आणि पायाला लागून एक लांबच लांब चर.

मुंबईच्या किनाऱ्याचं काय होतंय, हे त्या चरात वाचता येतं. पण त्याआधी भरतीचा हिशोब.

आपल्याकडे भरती दिवसातून दोनदा येते, दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात. कोकणात आणि कोळीवाड्यांत हा हिशोब तोंडी होतो: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमेला या हिशोबाने सव्वाअकरा येतात, प्रत्यक्षात भरती बाराच्या आगेमागे लागते. यामागचं गणित सुंदर आहे. अमावास्या ते पौर्णिमा या पंधरा तिथींत भरतीची वेळ बरोबर बारा तास पुढे सरकते, म्हणजे एका तिथीला ४८ मिनिटं. पाऊण तास म्हणजे ४५. पंचांग आणि बोटं एवढ्या सामग्रीवर इतकं जवळचं उत्तर देणारा नियम ज्यांनी बांधला, त्यांच्या निरीक्षणाला मी मनापासून मानते.

अमावास्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र एका रेषेत येतात, दोघांची ओढ एकत्र लागते आणि उधाण येतं. अष्टमीच्या आसपास दोघांची ओढ काटकोनात असते, तेव्हा भांग, म्हणजे सगळ्यात कमी चढणारी भरती. मुंबईच्या समोरचा समुद्रतळ दूरवर उथळ असल्याने भरतीचं पाणी इथे जास्त चढतं. रत्नागिरीपेक्षा मुंबईत आणि मुंबईपेक्षा खंबातच्या आखातात भरती मोठी. शिवाय आपल्याकडची पावसाळ्यातली मोठी उधाणं दिवसा येतात. साडेचार मीटरच्या वरच्या भरतीच्या तारखा महापालिका दर पावसाळ्याआधी जाहीर करते, ते याचसाठी. नैऋत्य मोसमी वारा, त्याने उठवलेल्या लाटा, कोसळणारा पाऊस आणि उधाण यांची गाठ एकाच दुपारी पडू शकते.

२६ जुलै २००५ ला ती पडली. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि दुपारी भरती ४.४८ मीटरची होती. पाऊस एवढा होता की कुठलंही शहर बुडालं असतं. पण मुंबईची खास अडचण गटारांच्या तोंडाशी आहे. पावसाचं पाणी समुद्रात आणि खाड्यांत सोडणारी १८६ मुखं आहेत. त्यांतली ४५ समुद्राच्या सरासरी पातळीच्याही खाली आहेत, १३५ भरतीच्या पातळीखाली, आणि भरतीतही उघडी राहतील अशी फक्त ६. बाकीच्यांना भरतीत झडप लावून बंद ठेवायचं, नाहीतर समुद्रच उलटा रस्त्यावर यायचा. आत पाऊस पडत असतो आणि बाहेर जायचा दरवाजा बंद असतो, असे ते तीन-चार तास.

यावर पंप हा उपाय. हाजी अली, ईर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया आणि गझदरबंध इथे उदंचन केंद्रं उभी राहिली. तिथला एकेक पंप सेकंदाला सुमारे ६००० लिटर पाणी उचलून भरतीच्या वर फेकतो. हिंदमाता हा तर बशीसारखा खोलगट भाग. तिथलं पाणी भरती उतरेपर्यंत धरून ठेवायला जमिनीखाली टाक्या बांधल्या. ही कल्पना मला पंपांपेक्षाही आवडते, कारण ती समुद्राच्या वेळापत्रकाशी भांडत नाही. थांबायचं, ओहोटी लागली की सोडायचं.

आता त्या चराकडे येते.

चौपाटी ही सतत हलणारी वस्तू आहे. पावसाळ्यात लाटा उंच, उभ्या आणि एकामागोमाग येतात. त्या वरची वाळू ओरबाडून खोल पाण्यात नेतात आणि किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर तिचा पाण्याखाली बांध घालतात. पुढच्या लाटा त्या बांधावरच फुटतात, म्हणजे काठापर्यंत पोचताना त्यांचा जोर कमी झालेला असतो. किनारा आपली वाळू पुढे टाकून स्वतःचं रक्षण करतो. नवरात्र उलटलं की समुद्र निवतो, लांब आणि संथ लाटा येऊ लागतात आणि तीच वाळू हळूहळू वर आणून ठेवतात. जुहूला हा फरक डोळ्यांनी दिसतो: ऑगस्टमधला खचलेला, सपाट किनारा आणि जानेवारीतली रुंद, भरलेली चौपाटी.

या उलाढालीला जागा लागते. मागे भिंत बांधली की वाळूचा वरचा साठा भिंतीच्या पलीकडे अडकतो. लाटेचा जोर उतारावर हळूहळू जिरण्याऐवजी भिंतीवरून परत फिरतो आणि पायाची वाळू खणतो. तो चर असा पडतो. भिंत संपते तिथे आणखी वाईट घडतं. वळलेला जोर शेजारच्या मोकळ्या किनाऱ्याला खातो. मग शेजारी भिंत मागतो, आणि त्याचं काही चुकलेलं नसतं. भिंतीमागचं घर वाचतं यात शंका नाही. पण घर वाचवताना चौपाटी जाते, हे भिंत मंजूर करतानाच सांगायला हवं. ते सांगितलं जात नाही, याचा मला राग येतो.

मरीन ड्राइव्हचे चौपायी टेट्रापॉड हा भिंतीला दिलेला आधार. फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या प्रयोगशाळेत १९५० मध्ये हा आकार घडला. एकमेकांत गुंतून बसलेल्या पायांच्या फटींतून पाणी घुसतं, विखुरतं आणि लाटेची ताकद घर्षणात संपते. जिथे भराव घालून समुद्राच्या तोंडावर रस्ता उभा केलाय, तिथे ते हवेतच. आणि आपलं शहर भरावाचंच शहर आहे. वरळीच्या खाडीवरचा अठराव्या शतकातला बांध सारखा ढासळत होता आणि देवीच्या मूर्ती समुद्रातून वर काढल्यावरच तो टिकला, ही महालक्ष्मीच्या देवळाची कथा घरोघर ठाऊक आहे. त्या कथेतही समुद्राचं काही घेताना त्याला विचारावं लागतं.

दुसरी बाजू वाळूच्या जमाखर्चाची. वाळू नद्या आणतात, खडक झिजून येते, शिंपल्यांचा चुरा होऊन येते. धरणाच्या भिंतीमागे पाण्याबरोबर वाळूही अडते. आपल्या नळाचं पाणी वैतरणेच्या आणि तानसेच्या धरणांतून येतं, तेव्हा या हिशोबात आपणही आहोत. खाड्यांतून होणारा रेतीउपसा वेगळाच. जमा घटली आणि लाटांचा खर्च तोच राहिला, की किनारा मुद्दल खाऊ लागतो.

त्यात समुद्र चढतोय. अपोलो बंदरला १८७८ पासून भरतीच्या नोंदी आहेत, हिंदी महासागरातल्या सर्वांत जुन्यांपैकी. जगाची सरासरी पाहिली तर १९०१ ते २०१८ मध्ये समुद्र सुमारे २० सेंटीमीटर वर आला, आणि अलीकडे हा वेग वर्षाला साडेतीन मिलिमीटरच्या पुढे गेलाय. एक वीतभर पाणी, त्याने काय होतं, असं वाटेल. पण चौपाटीचा उतार फार मंद असतो. पन्नास पावलं चालल्यावर एक पाऊल उंची, असा उतार धरला तर पाणी २० सेंटीमीटर चढल्यावर काठ १० मीटर आत येतो. शिवाय वाळूही नव्या पातळीला जुळवून घेताना आणखी खाली सरकते.

करायचं काय? पुद्दुचेरीचं उदाहरण मला महत्त्वाचं वाटतं. तिथे १९८० च्या दशकात बंदराचे बांध झाले, दक्षिणेकडून सरकत येणारी वाळू अडली आणि शहरासमोरची पुळण नाहीशी झाली. पुढे राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेने तिथे पाण्याखाली एक कृत्रिम खडक बसवला, २०१८ मध्ये तो पूर्ण झाला, आणि आत वाळू साठून पुळण परत आली. पावसाळ्यात समुद्र स्वतः जो बांध घालतो, त्याचीच ही कायमची नक्कल. वाळू बाहेरून आणून टाकणं हाही मार्ग आहे. पण कण मूळ वाळूएवढा किंवा किंचित जाड हवा, बारीक वाळू एका पावसाळ्यात जाते. आणि ती दुसऱ्या कुणाच्या खाडीतून उपसून आणली तर काय साधलं? हे काम एकदा करून संपतही नाही, काही वर्षांनी पुन्हा करावं लागतं.

खाड्यांच्या काठी मात्र कांदळवनाला तोड नाही. तिवराची वर आलेली श्वासमुळं गाळ धरतात, पाण्याचा वेग मोडतात आणि पातळीबरोबर जमीनही थोडी थोडी उचलतात. उघड्या, लाटांच्या चौपाटीवर तिवर लावण्याचे कार्यक्रम होतात तेव्हा वाईट वाटतं. ती त्यांची जागा नाही, रोपं पहिल्याच उधाणात जातात. घरांच्या पातळीवर जोतं उंच करणं, विजेचे मीटर वर चढवणं, उधाणाच्या तारखा भिंतीवर लिहून ठेवणं हे सगळं आजही करता येतं.

माझं सगळ्यात ठाम म्हणणं मोकळ्या जागेबद्दल आहे. वेसाव्याच्या कोळीवाड्यात घरं आणि पाणी यांच्यामध्ये एक पट्टा असतो. तिथे बांबूच्या वलांडीवर बोंबील सुकतात, जाळी पसरतात, मासेमारी बंद झाली की होड्या वर ओढून शाकारल्या जातात. नकाशावर तो पट्टा रिकामा दिसतो, म्हणून त्यावर रस्ता, भिंत, सुशोभीकरण आखलं जातं. पण लाटेने जिथपर्यंत यायचं आणि वाळूने जिथून जायचं, ती जागा तीच आहे. वलांडी उद्या उचलून मागे घेता येते, काँक्रीट नाही. कोळ्यांचा व्यवसाय आणि किनाऱ्याचा श्वास एकाच पट्ट्यावर चालतो. तो पट्टा मोजून, नाव देऊन, कायद्याने राखला पाहिजे, आणि त्याची मालकी सांगताना कोळीवाड्याला आधी विचारलं पाहिजे.

मोजायला मोठी उपकरणं लागत नाहीत. के. ओ. एमरी या अमेरिकी सागरशास्त्रज्ञाने १९६१ मध्ये सुचवलेली पद्धत आहे: सारख्या उंचीच्या, खुणा केलेल्या दोन काठ्या आणि मधे ठरावीक लांबीची दोरी. एक काठी वर, एक समुद्राकडे, दोरी ताणलेली. वरच्या काठीपाशी उभं राहून पुढच्या काठीचं टोक क्षितिजाशी जुळवायचं आणि ती रेषा आपल्या काठीवर किती खाली पडते ते वाचायचं. तेवढा उतार. मग दोरीएवढं पुढे. जुहूला समोर क्षितिज मोकळं मिळतं. दर महिन्याला अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी, संध्याकाळच्या ओहोटीला, त्याच माडापासून सुरुवात करायची. आम्ही तिघं-चौघं जातो. शेवटची काठी रोवायला कुणीतरी गुडघाभर पाण्यात उतरतं, आणि पावसाळ्यानंतरच्या पहिल्या मोजणीला तिथेच तळपायाला लागतो तो वाळूचा बांध, परतीच्या वाटेवर असलेला.