देहस्वीकार

देहस्वीकार म्हणजे आपल्या अंगाचा आकार, वजन, उंची आणि ठेवण आज आहे तशी मान्य करणे, आणि त्यावरून स्वतःची किंवा दुसऱ्याची किंमत न करणे. जाड माणसाइतकीच ही गोष्ट लुकड्याची, बुटक्याची आणि वर्गात सगळ्यांत उंच असलेल्या मुलीचीही आहे. रोज आरशात बघून खूश व्हावे अशी यात अट नाही. औषधोपचार, व्यायाम, पथ्य यांना विरोध तर मुळीच नाही. उलट अंगाची लाज वाटू लागली की माणूस दवाखाना टाळतो, पोहणे सोडतो, फोटोत मागे उभा राहतो.

सातारा-सांगली भागात अंगावरून बोलणे हा विचारपूस करण्याचाच एक प्रकार आहे. एसटीतून उतरलेल्या पाहुण्याच्या हातात पाण्याचा तांब्या येण्याआधी ‘लई वाळलास की रं’ किंवा ‘किती सुटलीस गं’ ऐकू येते. त्यात माया असते, हे नाकारून चालणार नाही. माण, खटाव, जत, आटपाडीकडची आजी ‘वाळलीस’ म्हणते तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे १९७२ चा दुष्काळ असतो. ‘अंग धरलंय’, ‘बाळसं आलंय’, ‘खात्यापित्या घरचा’ ही कौतुकाची बोली अशाच उपाशी वर्षांनी घडवली. पण त्याच तोंडातून ‘ढोल’, ‘भोपळा’, ‘हडकुळी’, ‘पाप्याचं पितर’ही निघते. सर्वांत वाईट शब्द ‘थोराड’. पाचवी-सहावीतल्या मुलीचे अंग वयाआधी भरले की तिला हा शब्द चिकटतो, आणि दुसऱ्या दिवसापासून ती दप्तर पाठीवर न घेता छातीशी धरून शाळेत जाऊ लागते.

शब्द माणसाला किती चिकटतो, हे साताऱ्याने फार जवळून पाहिले आहे. मुलीमागे मुलगी झाली की शेवटचीचे नाव ‘नकुशी’ ठेवण्याची रीत इथे होती. ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. ‘जाडी’, ‘लुकडी’, ‘बुटकी’ ही नावे मात्र शाळेच्या दाखल्यावर नसतात, त्यामुळे ती बदलायला कोणी अर्ज करत नाही. नकुशीचा प्रसंग या नोंदीत घेतला तो म्हणूनच.

संघटित चळवळ म्हणून देहस्वीकाराची सुरुवात अमेरिकेत झाली. १९६७ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये जाड माणसांवरच्या अन्यायाविरुद्ध लोक जमले, १९६९ मध्ये त्यांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली आणि १९७३ मध्ये लॉस एंजेलिसमधल्या स्त्रियांनी आपला जाहीरनामा काढला. ब्रिटनमध्ये १९९२ मध्ये ‘डाएटविना दिवस’ सुरू झाला; आता तो ६ मे रोजी पाळला जातो. न्यूयॉर्क शहराने २०२३ मध्ये वजन आणि उंचीवरून नोकरीत किंवा घर भाड्याने देताना भेदभाव करण्यास कायद्याने बंदी घातली. भारतात वजनासाठी असा वेगळा कायदा नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत बुटकेपणाचा समावेश आहे, एवढाच आधार.

स्वाभिमान मोजण्यासाठी मॉरिस रोझेनबर्ग या समाजशास्त्रज्ञाने १९६५ मध्ये १० विधानांची जी प्रश्नावली मांडली, ती आजही जगभर वापरतात. त्या दहांपैकी एकाही विधानात शरीराचा उल्लेख नाही. वजन कमी झाले की आत्मविश्वास आपोआप येईल असे मानणाऱ्यांनी ती एकदा वाचावी.

‘बीएमआय’चा (बॉडी मास इंडेक्स) आकडाही नीट समजून घ्यायला हवा. किलोतले वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग, हे सूत्र बेल्जियमच्या आदोल्फ केतले या गणितज्ञाने एकोणिसाव्या शतकात ‘सरासरी माणूस’ शोधण्यासाठी काढले. एकेका रोग्याची तब्येत ठरवण्यासाठी ते नव्हतेच. त्याला आजचे नाव मिळाले १९७२ मध्ये. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये आपलाच दाखला दिला : दोघांचा बीएमआय २२.३, पण चरबी एकाच्या अंगात २१.२ टक्के आणि दुसऱ्याच्या ९.१ टक्के. जास्त चरबी याज्ञिकांची. म्हणजे आपल्याकडचा सडपातळ माणूस बिनधोक नाही आणि भरल्या अंगाचा प्रत्येक जण आजारीही नाही. थायरॉइड, पीसीओएस (स्त्रियांमधला संप्रेरकांचा विकार), बाळंतपण, काही गोळ्या, झोप, आनुवंशिकता यांतले काहीच नुसते बघून कळत नाही. टोमण्याने वजन उतरत नाही, ताण वाढतो आणि खाणे बिघडते, असे आता संशोधनही सांगते.

शाळेतली आरोग्य तपासणी ही अशा टोमण्यांची नेहमीची जागा. काटा वर्गासमोर ठेवलेला, पोरे रांगेत, एक जण आकडा मोठ्याने सांगतो आणि दुसरा लिहून घेतो. ‘अठ्ठावन्न!’ झाल्यावर मागून हसू येते. काट्यावरची मुलगी चप्पल पायात घालायलाही थांबत नाही, हातात घेऊनच जाते. यावर उपाय फुकटचा आहे : काटा पडद्याआड किंवा व्हरांड्याच्या टोकाला न्यावा, आकडा बोलू नये, फक्त लिहावा.

मातीतल्या कुस्तीने मात्र या जिल्ह्यांना अंगाकडे बघण्याची एक निराळी नजर दिली आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये बँटमवेट म्हणजे ५७ किलोच्या गटात लढले आणि स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक पदक, कांस्य, घेऊन आले. मिरज तालुक्यातल्या कवठेपिरानचे हिंदकेसरी मारुती माने दांडग्या अंगाचे. दोघांचे फोटो तालमीत शेजारी लावले तरी कोणाचे अंग ‘बरोबर’ असा प्रश्न तिथे पडत नाही. वस्ताद नव्या पोराला ‘तू बारका आहेस’ म्हणतो तेव्हा पुढे कोणता डाव बसेल तेही सांगतो. बारक्याला पटात, म्हणजे समोरच्याच्या पायांत, शिरायला शिकवतो, वजनदाराला दाबून धरायला. पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा मार्च २०२३ मध्ये सांगलीतच भरली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने ती जिंकली. ‘थोराड’ म्हणून हिणवल्या गेलेल्या मुलींसाठी त्या दिवशीच्या टाळ्या फार मोलाच्या होत्या. वजनगटाची काळी बाजूही आहेच. पाणी तोडून, उपाशी राहून वजन उतरवण्याची सवय पोरांच्या जिवावर बेतू शकते. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट १०० ग्रॅमने बाद झाली, तेव्हा घराघरांत त्याची चर्चा झाली.

लग्नाच्या बायोडाट्यात ‘उंची, वर्ण, बांधा’ हे रकाने शिक्षणाच्या आधी येतात. ‘बांधा’ हा रकाना गाळायला घरातल्यांनी सुरुवात केली तर छापणारा काही हरकत घेणार नाही. कपड्यांच्या दुकानात ‘तुमच्या मापात नाही’ हे वाक्य काउंटरवरून सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हटले जाते. शिंपीणबाईंकडे निराळा अनुभव येतो. टेप फिरवून त्या छत्तीस की बेचाळीस ते वहीत टिपतात, ‘हात वर करा’ एवढेच बोलतात आणि शिलाईच्या आत दोन बोटे कापड राखतात, पुढे उसवून मोठे करता यावे म्हणून. अंगाविषयी एवढेच बोलणे पुरते.

मुले जेवण टाळू लागली, खाल्लेले मुद्दाम ओकू लागली, आरशापासून हलेनाशी झाली किंवा आरसाच झाकू लागली, तर ते नखरे समजू नयेत. बालरोगतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावे. ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते.